छतावर सोलर बसवायचंय? कंत्राटदार असा पारखा

सोलरवाल्याला फोन लावण्याआधी महावितरणच्या बिलांवरून मागच्या बारा महिन्यांच्या युनिटची बेरीज करा. महाराष्ट्रात 1 किलोवॅटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट, म्हणजे वर्षाला साधारण 1,400 युनिट वीज मिळते. वर्षाचा वापर 3,600 युनिट असेल तर अडीच-तीन किलोवॅट पुरे. हा हिशेब हाताशी नसला की समोरचा पाच किलोवॅट गळ्यात मारतो.

पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान हवं असेल तर विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो. व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय त्यावर जाऊ नका, पोर्टलवरच्या यादीत नाव स्वतः शोधा. अनुदान 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून जास्त क्षमतेला 78,000 रुपये आहे. काम पूर्ण झाल्यावर ते थेट ग्राहकाच्या खात्यात येतं. म्हणून 'अनुदान वजा जाता एवढेच द्या' असं कोटेशन घेऊ नका, पूर्ण किंमत लिहून मागा. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नावबदल करून घ्या. सोसायटीच्या सामायिक विजेसाठी अनुदान वेगळं आहे, किलोवॅटमागे 18,000 रुपये.

निदान तिघांना घरी बोलवा. जो गच्चीवर न चढता भाव सांगतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा. किलोवॅटमागे सुमारे 100 चौरस फूट जागा लागते आणि ती बिनसावलीची हवी. इथेच बहुतेक जण फसतात, कारण पाहणी होते एप्रिल-मेमध्ये, सूर्य डोक्यावर असताना. डिसेंबरात पुण्याकडे भर दुपारी बारालासुद्धा पाण्याच्या टाकीची सावली जवळपास तिच्या उंचीएवढी उत्तरेकडे पडते, आणि सकाळी नऊला त्याहून बरीच लांब. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एका पॅनेलवर सावली आली तरी सगळ्या माळेची वीज घटू शकते. 'हिवाळ्यात सावली कुठवर येईल?' एवढं विचारा. जाणता माणूस टेप काढून टाकीची उंची मोजेल.

कोटेशनमध्ये 'चांगल्या कंपनीचं' हे शब्द चालणार नाहीत. पॅनेलची कंपनी, मॉडेल, वॅट आणि नग लिहिलेले हवेत. अनुदानासाठी पॅनेल डीसीआर, म्हणजे भारतीय सेलचीच लागतात. पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरची क्षमता आणि वॉरंटी, डीसी केबलची जाडी (घरगुती कामाला सहसा 4 चौरस मिमी), स्ट्रक्चरवर (पॅनेल ज्यावर बसतात त्या सांगाड्यावर) हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला थर, आणि अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे: डीसी, एसी आणि वीजरोधक (आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणारा दांडा). पैसे वाचवायला तिन्ही एकाच खड्ड्यात जोडणारे भेटतात. मग वीज पडली की पहिला बळी इन्व्हर्टरचा जातो. कोकणात खाऱ्या हवेमुळे साधे नटबोल्ट गंजतात, तिथे एसएस 304, म्हणजे स्टेनलेस स्टीलचेच मागा.

स्ट्रक्चरचे पाय स्लॅबमध्ये भोक पाडून बसवणार की काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, हे आधी ठरवा. भोकं पाडली आणि नीट बुजवली नाहीत तर पहिल्याच पावसात गळती, आणि मग सोलरवाला वॉटरप्रूफिंगवाल्याकडे बोट दाखवतो. वॉटरप्रूफिंग करायचंच असेल तर ते पॅनेलच्या आधी.

'लाइट गेली तरी घर चालेल' असं कोणी बॅटरीशिवाय सांगत असेल तर तो एकतर अडाणी आहे किंवा खोटारडा. ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेली की बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसेल. बिल शून्य होईल हेही तसंच, स्थिर आकार भरावाच लागतो.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचे 10 ते 15 टक्के नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा) लागेपर्यंत हातात ठेवा. पॅनेल चढली की मीटरच्या कागदपत्रांसाठी माणूस फोन उचलेनासा होतो. पाच वर्षांची देखभाल करारात लिहून घ्या. शेवटचा हप्ता देताना पॅनेलच्या अनुक्रमांकांची यादी मागा आणि देखरेखीच्या अ‍ॅपवरचं खातं तुमच्याच मोबाइल नंबरवर उघडून घ्या. ते बरेचदा विक्रेत्याच्या फोनवरच राहतं.