गुडघा झिजलाय की आतली गादी फाटलीय, घरच्या घरी कसं ओळखायचं

गुडघा दुखायला लागला की घरात कोणीतरी म्हणतंच, "वंगण संपलं असेल." पण झिजलेल्या गुडघ्यात पाणी उलट जास्तच साचतं बऱ्याचदा, त्यामुळे तो शब्द आधी डोक्यातून काढा. गुडघ्यात कुर्चा, म्हणजे कार्टिलेज, दोन प्रकारची असते. एक म्हणजे हाडांच्या टोकांवरचा काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर, तो हळूहळू झिजतो त्याला ऑस्टिओआर्थरायटिस म्हणतात. दुसरी म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये बसलेल्या चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या, मेनिस्कस. "कार्टिलेज फाटलं" असं डॉक्टर म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा यातलीच एखादी गादी फाटलेली असते.

आधी तारीख आठवा. सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. माझ्या मेव्हण्याला, वय एकोणतीस, आजही नेमकी वेळ सांगता येते, टर्फवर क्रिकेट खेळताना पाय रोवलेला राहिला आणि अंग थ्रो मारायला वळलं, आत कट् झालं आणि संध्याकाळपर्यंत गुडघा फुगला. आईला विचारलं कधीपासून दुखतंय तर ती म्हणाली, "गणपतीच्या आधीपासून असेल, नाही, मागच्या वर्षी पण जिना चढताना दुखायचंच." दिवस आणि क्षण सांगता येत असेल तर गादीचा संशय घ्या, महिने मोजावे लागत असतील तर झिजेचा.

पण एक अपवाद आहे आणि तो आपल्याकडे महत्त्वाचा, कारण आपण मांडी घालून, उकिडवं बसतो. चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः बायकांमध्ये, खाली बसताना किंवा जमिनीवरून उठताना गुडघ्याच्या मागच्या बाजूला एकदम कडक् होतं आणि त्या क्षणापासून चालणं कठीण होतं. गादी हाडाला जिथे चिकटलेली असते तो भागच सुटलेला असू शकतो, आणि तसा गुडघा पुढे फार लवकर झिजतो. "वयामुळे होतंय" म्हणून हे अंगावर काढू नका, त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरला दाखवा.

सूज किती वेळात आली ते बघा. मार लागल्यावर तास-दोन तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साचलेलं असू शकतं, तेव्हा लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा) किंवा हाडाचा विचार करावा लागतो. गादीची सूज सहसा हळू येते, त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी. झिजेची सूज येते-जाते, लग्नकार्यात दिवसभर उभं राहिलं की येते आणि दोन दिवस आराम केला की ओसरते.

सकाळी उठल्यावर घड्याळ बघा. झिजेत गुडघा आखडलेला असतो पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो, एसटीत बराच वेळ बसून उतरल्यावरही तसंच, चार पावलं टाकली की सुटतो. तास-तासभर आखडलेला राहत असेल आणि सोबत बोटांचे सांधेही सुजत असतील तर ही दोन्ही सोडून आमवाताची शंका घ्यायला हवी, त्याचा डॉक्टर वेगळा आणि उपचारही वेगळे.

मग गुडघा पूर्ण सरळ होतो का ते तपासा. पाठीवर झोपा, दोन्ही टाचांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, पाय ढिले सोडा आणि कुणालातरी बाजूने बघायला सांगा, दोन्ही लवणी, म्हणजे गुडघ्यांच्या मागच्या बाजू, सारख्याच खाली जातात का. मेव्हण्याचा एक गुडघा दोन बोटं वरच राहिला, आत काहीतरी स्प्रिंगसारखं अडत होतं. याला गुडघा लॉक होणं म्हणतात, फाटलेला तुकडा मध्ये अडकला की असं होतं. मैदानावर मित्रांनी पाय ओढून सरळ करायचा प्रयत्न केला, ते अजिबात करू नका, जोर लावला तर अजून फाटू शकतं. आखडणं वेगळं आणि अडकणं वेगळं, दुखतंय म्हणून तुम्ही सरळ करत नाही का, की केलं तरी होतच नाही, हा फरक डॉक्टरला आवर्जून सांगा.

कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा. खुर्चीत बसून गुडघा काटकोनात ठेवा, वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना मऊ खळगे लागतात, तिथून बाजूला बोट सरकवत जा, ती सांध्याची रेघ. रेघेवर एकाच ठिकाणी टोचल्यासारखं दुखत असेल, आणि पायावर वळताना कळ येत असेल, तर गादीकडे बोट जातं. झिजेत माणूस बहुधा अख्खा तळवा फिरवून दाखवतो. मात्र आतल्या बाजूच्या झिजेतही ही रेघ दुखते, तेव्हा यावरून एकट्याने निकाल लावू नका. नुसता करकर आवाज येतो आणि दुखत नाही तर घाबरायचं कारण नाही.

आता एमआरआयबद्दल, कारण आमची फसगत इथेच झाली. आईच्या रिपोर्टमध्ये "मेनिस्कस टेअर" आलं आणि एका ठिकाणी लगेच दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख पण दिली. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी उभं राहून एक्स-रे काढायला सांगितलं, वजन पडलेलं असताना हाडांमधली फट खरी किती उरलीय ते त्यात दिसतं, झोपून काढलेल्यात फट मोठी वाटू शकते. आईची आतल्या बाजूची फट जवळजवळ गेलेली होती, म्हणजे दुखणं मुळात झिजेचं आणि गादी त्याच झिजेत विरलेली. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमचा 2008 सालचा अभ्यास आहे, 50 ते 90 वयाच्या लोकांचे एमआरआय काढले तर ज्यांची गादी फाटलेली दिसली त्यातल्या 61 टक्के लोकांचा गुडघा मागच्या महिन्यात दुखलाच नव्हता. फिनलंडमध्ये 2013 साली अशाच झिजून फाटलेल्या गाद्यांवर खरं ऑपरेशन आणि नुसतं वरवरचं खोटं ऑपरेशन यांची तुलना केली, वर्षभराने दोन्हीकडच्या लोकांना सारखाच आराम. म्हणून पन्नाशीच्या पुढे नुसत्या रिपोर्टवर ऑपरेशनला हो म्हणू नका, दुसरं मत घ्या. तरुण माणसाची मार लागून फाटलेली गादी मात्र वेगळी, कडेच्या भागाला रक्तपुरवठा असतो, वेळेत गेलं तर टाके घालून ती वाचवता येते.

गुडघा लाल, गरम आणि अंगात ताप, मार लागल्यावर चार पावलंही टाकता येत नाहीत, गुडघा लॉक झालाय, किंवा पोटरी एकदम सुजून दुखतेय, यातलं काहीही असेल तर घरी तपासत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाकीच्यांनी मोबाईलमध्ये चार ओळी लिहून न्या: कधी आणि काय करताना सुरू झालं, सूज किती वेळात आली, सकाळी किती मिनिटं आखडतो, सरळ होतो का. आईने दुसऱ्या डॉक्टरांना हे वाचून दाखवलं, त्यांनी गुडघा हाताने तपासला आणि मांडीचे व्यायाम लिहून दिले, गुडघ्याखाली टॉवेल ठेवून तो खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, सकाळ-संध्याकाळ. तीन महिन्यांनी ती जिना कठडा न धरता उतरायला लागली, मेथी मात्र आता खुर्चीत बसूनच निवडते.