पंथातल्या बालपणावर मालिका लिहिताय? या चुका टाळा

बंदिस्त पंथात वाढलेल्या मुलांवरची पटकथा बहुतेक वेळा गुरूपाशी अडकते. गुरूला लांबलचक प्रवचनं मिळतात, झोकात एन्ट्री मिळते आणि मुलं मागच्या रांगेत माना डोलावत बसतात. पहिले दोन भाग जोरात जातात, तिसऱ्यापासून मालिका ढेपाळते. कारण सरळ आहे. गुरूला काय हवंय ते प्रेक्षकाला दहा मिनिटांत कळलेलं असतं, पण मुलाला काय वाटतंय ते कुणी लिहिलेलंच नसतं.

अभ्यासाला ‘द क्लिअरिंग’ घ्या. २०२३ची ही ऑस्ट्रेलियन मालिका आठ भागांची आहे. ती एका कादंबरीवर बेतलेली आहे आणि त्या कादंबरीमागे मेलबर्नजवळचा ‘द फॅमिली’ हा खराखुरा पंथ आहे. मालिकेपेक्षा मूळ प्रकरणातून शिकण्यासारखं जास्त आहे.

अनुयायी भोळेभाबडे दाखवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘द फॅमिली’ची प्रमुख अ‍ॅन हॅमिल्टन-बर्न योग शिकवायची. साठच्या दशकात तिला साथ मिळाली ती रेनर जॉन्सन यांची. हे भौतिकशास्त्रज्ञ, मेलबर्न विद्यापीठाच्या क्वीन्स कॉलेजचे प्रमुख. मग डॉक्टर, परिचारिका, वकील, समाजसेविका जमत गेले. डोंगरातल्या फर्नी क्रीकच्या वास्तूला नाव दिलं होतं ‘शांतिनिकेतन’. भगवी कफनी, जटा, धुनी यांतलं काही नाही. उलट बाई मोठ्या टापटिपीत राहायची.

शिकलेली माणसं इथे नुसती शोभेला नव्हती. या पंथाने केलं तसं दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून नोंदवायचं तर कागद लागतात. दत्तकपत्रावर कुणीतरी सही करतं, औषधाची चिठ्ठी कुणीतरी लिहितं, प्रसूतिगृहातून बाळ कुणीतरी बाहेर आणतं. म्हणून कथानक बांधतानाच प्रत्येक गुन्ह्यापुढे लिहून ठेवा: सही कुणाची, शिक्का कुठला, गप्प कोण बसलं आणि का. ज्या ओळीपुढे नाव येत नाही, तिथे तुमच्या कथेत भोक आहे. ‘गुरूच्या डोळ्यांत जादू होती’ या वाक्याने ते बुजत नाही.

मुलाच्या तोंडी मोठ्यांची अक्कल

नऊ वर्षांची मुलगी ‘आम्हाला इथे कोंडलंय’ म्हणाली की प्रसंग मेला. तिला दुसरं जग माहीतच नाही. ‘द फॅमिली’तली मुलं आयल्डन तलावाकाठच्या घरात वाढली. अ‍ॅन हीच आपली आई असं त्यांना शिकवलेलं, आणि रोज मारणाऱ्या, उपाशी ठेवणाऱ्या बायकांना मुलं ‘आंटी’ म्हणायची. योग, ध्यान, घरातच शाळा असा दिवस. त्यांच्या लेखी हेच घर.

संवाद लिहिण्याआधी दोन याद्या करा. एकीत पंथातच तयार झालेले शब्द, दुसरीत या मुलाला ठाऊकच नसलेले शब्द. दुसऱ्या यादीतला शब्द मुलाच्या संवादात सापडला की खोडा. एक नमुना. सुटकेनंतर पोलीस विचारतो, ‘‘नाव काय बाळ तुझं?’’ मुलगी शांतपणे विचारते, ‘‘कुठलं सांगू?’’ मूळ प्रकरणात मुलांची नावं आणि कागदपत्रं खरोखरच बदललेली होती, त्यामुळे हा प्रश्न तिच्या दृष्टीने अगदी साधा आहे. तिला रडवू नका. पोलिसाचं पेन थांबलं तरी पुरे.

छळाची रास

दर भागात नवा छळ दिसला की प्रेक्षक बधिर होतो. एकच नियम निवडा आणि तो शेवटपर्यंत पाळा. केसांचंच घ्या. ‘द फॅमिली’त मुलं सख्खी भावंडं दिसावीत म्हणून केस फिकट सोनेरी रंगवत आणि कपडे सारखे घालत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे मुळाशी दोन सेंटिमीटर काळा पट्टा दिसला तर दोन महिने कुणी रंगवलेलं नाही. का? आंटी आजारी आहेत? पैसे संपलेत? काळ पुढे सरकल्याचं दाखवायला पाटी लागत नाही. कंटिन्युटीच्या, म्हणजे प्रसंगाप्रसंगांतली सलगता सांभाळायच्या, वहीत दर प्रसंगापुढे या पट्ट्याचं माप लिहा. आणि बालकलाकाराच्या डोक्याला ब्लीच लावू नका, विग वापरा.

गुंगीच्या औषधांतही हमखास घोळ होतो. त्या मुलांना मानसोपचाराची औषधं चारली जात, वयात आल्यावर एलएसडी हा भास घडवणारा अमली पदार्थ दिला जाई. पडद्यावर मात्र मूल किंचाळताना दिसतं. गुंगीतलं मूल जड असतं: जीभ अडखळते, तोल जातो, प्रश्न आणि उत्तर यांत मोठी फट पडते. दिग्दर्शकाला ती फट पटकथेतच लिहून द्या.

धाड म्हणजे शेवट

पोलीस आले, मुलं सुटली, समाप्त! इथे खरी गोष्ट कापली जाते. ‘द फॅमिली’वर धाड पडली ऑगस्ट १९८७मध्ये. अ‍ॅन आणि तिचा नवरा अमेरिकेत पकडले गेले १९९३मध्ये. शेवटी गुन्हा कबूल झाला तो एवढाच, की तीन परक्या मुलांची आपली तिळी म्हणून खोटी नोंद केली. शिक्षा काय, तर प्रत्येकी ५,००० डॉलर दंड. बाई २०१९मध्ये ९७व्या वर्षी वारली.

म्हणून आठ भागांत धाड तिसऱ्या-चौथ्यात आणा. उरलेल्या भागांत बँकेचं खातं, खरा जन्मदाखला, ज्या बाईला आई म्हणायचो तिच्याविरुद्ध जबाब, हे सगळं येऊ द्या. न्यायालयात गुरूला जन्मठेप ठोठावण्याचा मोह होतोच. आवरा.

दोन काळ आलटूनपालटून दाखवणार असाल तर (‘द क्लिअरिंग’ने तसंच केलंय) भूतकाळातला प्रत्येक तुकडा वर्तमानातल्या एखाद्या निर्णयाला धक्का देतो का, ते तपासा. तुकडा काढूनही वर्तमान तसंच चालत असेल तर तो निव्वळ भरणा. ‘विसरलेली आठवण अचानक परत आली’ ही कलाटणी तर नकोच. अशा घरातून आलेल्यांना पुष्कळदा सगळं आठवत असतं, बोलायची सोय नसते.

चित्रीकरण आपल्याकडे होणार असेल तर

चौदाच्या आतल्या कलाकारासाठी २०१७चे बालकामगार नियम लागू होतात. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी काढावी लागते. दिवसाला जास्तीत जास्त पाच तास, विश्रांतीशिवाय सलग तीनपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्याच नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. बारा मुलांचा पंथ लिहिलात की तीन जबाबदार माणसं आणि पाच तासांची मुदत असं गणित पडतं, म्हणून सामूहिक प्रसंग मोजकेच ठेवा. इथल्या खऱ्या प्रकरणावर लिहीत असाल तर पोक्सोचं (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) कलम २३ वाचा: नाव बदलून भागत नाही, शाळा, वस्ती, घरचे यांवरूनही पीडित मूल ओळखू येता कामा नये.