पहिलं ब्रँड कोलॅब: डीएम आल्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत

"हाय, तुमचे फोटो खूप आवडले, कोलॅबसाठी इंटरेस्टेड आहात का?" असा मेसेज एखाद्या ब्रँडकडून पहिल्यांदा येतो ना (कोलॅब म्हणजे ब्रँडसाठी फोटो किंवा पोस्ट करून देणं), तेव्हा काय करू आणि काय नको असं होतं. मी नोकरी करतो, रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीत जातो, भांड्यांवर मठार, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, काढणाऱ्या कारागिरांचे फोटो इन्स्टावर टाकतो, तेव्हा फॉलोअर्स होते ११०० च्या आसपास, आणि तांब्याची भांडी ऑनलाइन विकणाऱ्या एका छोट्या ब्रँडने मला विचारलं ते या फोटोंमुळेच. म्हणून आधी हेच सांगतो, फॉलोअर्स वाढायची वाट बघत बसू नका. छोट्या ब्रँडला बऱ्याचदा तुमच्या रीचपेक्षा चांगले फोटो हवे असतात. तुमचं पेज उघडल्यावर पहिल्या नऊ फोटोंत एकच विषय नीट दिसला पाहिजे, बायोमध्ये शहर आणि ईमेल पाहिजे, आणि अकाउंट प्रोफेशनल करून ठेवा म्हणजे इनसाइट्स, म्हणजे पोस्ट किती जणांनी बघितली, सेव्ह केली याचे आकडे, दिसतात.

मेसेज आला की लगेच "हो हो चालेल" म्हणू नका. आधी ब्रँडचं पेज बघा, वेबसाइट आहे का, खाली कमेंटमध्ये खरे ग्राहक बोलतायत का. "तुम्ही आमचे ॲम्बेसेडर, फक्त आमचं प्रॉडक्ट डिस्काउंटमध्ये विकत घ्या" किंवा "कुरिअरचे पैसे आधी भरा" असं कोणी म्हटलं तर ते कोलॅब नाही, ते तुम्हाला माल विकतायत. आणि लिंक पाठवून लॉगिन करा, ओटीपी द्या म्हणाले तर सरळ ब्लॉक.

खरं वाटलं की असं काहीतरी लिहा: "नमस्कार, मेसेजबद्दल थँक्यू. मला काम करायला आवडेल. फोटो किती हवेत, रील हवंय का, कधीपर्यंत हवंय, फोटो कुठे कुठे वापरणार आणि बजेट काय आहे हे कळलं तर मी उद्यापर्यंत कोटेशन पाठवतो." ते फोनवर बोलले तरी चालेल, पण फोन झाल्यावर जे ठरलं ते ईमेलवर टाका आणि "ओके" असं उत्तर आल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका.

यातला "फोटो कुठे वापरणार" हा प्रश्न मी विचारला नव्हता. ६ फोटो आणि १ रील, ४५०० रुपये, एवढंच चॅटवर ठरलं, पैसेही वेळेवर आले, मी खूश. दिवाळीच्या आधी एका प्रदर्शनात गेलो तर त्यांच्या स्टॉलबाहेर माणसाच्या उंचीच्या स्टँडीवर माझा फोटो, आणि भांड्याच्या बॉक्सवरही तोच. फोन केला तर म्हणाले, पैसे दिलेत की आम्ही. मला फार लागलं ते, पण नंतर कायदा वाचला तेव्हा कळलं की बाजू त्यांचीच भक्कम होती. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याचं कलम १७ वाचा. साधारणपणे फोटो ज्याने काढला कॉपीराइट त्याचा, पण कोणी सांगितलं म्हणून आणि मोबदला घेऊन फोटो काढला असेल, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक ज्याने काम दिलं तो. वेगळं काही ठरलेलं नसेल तर! म्हणजे सगळं तुमच्या त्या एका ईमेलवर आहे. मी आता प्रत्येक कोटेशनमध्ये हे लिहितो: "फोटोंचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील. ब्रँडला हे फोटो स्वतःच्या सोशल मीडिया पेजवर आणि वेबसाइटवर १ वर्ष वापरता येतील. पॅकेजिंग, प्रिंट, प्रदर्शन आणि पेड जाहिरातीसाठी दर वेगळा." आतापर्यंत एकाही ब्रँडने यावरून काम काढून घेतलेलं नाही, एकाने तर उलट पॅकेजिंगचे वेगळे पैसे आनंदाने दिले.

रेट कसा सांगायचा? शूटला किती तास, एडिटला किती, जाण्यायेण्याचा खर्च, फुलं, कापड, ट्रे जे काही विकत आणावं लागेल ते, हे सगळं कागदावर मांडा आणि तुमच्या तासाला तुम्ही किती धरता ते त्यात घाला. अर्धे ॲडव्हान्स, करेक्शनचा एकच राउंड, पुढच्या प्रत्येक राउंडला एक्स्ट्रा. पहिलं काम फक्त प्रॉडक्टच्या बदल्यात केलं तरी माझी हरकत नाही, पण मग फोटो २-३ च द्या आणि वापराच्या अटी तशाच लिहा.

आता शूट. तांब्याचं भांडं म्हणजे आरसाच, खोलीतलं सगळं त्यात दिसतं, पंखा, खिडकीचे गज, तुमचा लाल टीशर्टसुद्धा. आधी भांडं लिंबू-मीठ लावून घासा, लगेच धुवा, कोरडं करा (लाखेचं कोटिंग असेल तर घासू नका, ब्रँडला विचारा), आणि त्यानंतर सुती हातमोजे घालूनच उचला, कारण बोटांचे ठसे एडिटमध्ये काढत बसलात तर रात्र जाते. खिडकीवर बटर पेपर चिकटवा, दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा, स्वतः काळा शर्ट घाला आणि लेन्सच्या दोन्ही बाजूंना काळा कार्डशीट धरा म्हणजे भांड्याच्या कडेला बारीक गडद रेघ येते आणि आकार उठून दिसतो. मठार दिसायला उजेड बाजूनेच यायला हवा, समोरून फ्लॅश मारला की ठोक्यांचे सगळे खळगे सपाट होतात. उजेड तिरका आला की प्रत्येक खळग्यात एक छोटा चमकता ठिपका येतो, आणि तो दिसला की कळतं हे हाताने घडवलंय. मला तरी त्या एका ठिपक्यासाठी दोन सकाळी गेल्या आणि त्याचं काही वाटलं नाही.

फोटोत कारागीर घेणार असाल तर त्यांना स्पष्ट सांगा की हा फोटो जाहिरातीसाठी आहे, होकार लेखी घ्या आणि त्यांच्या वेळेचे पैसे ब्रँडच्या बजेटमध्ये आधीच धरा. हौसेने काढलेला फोटो वेगळा आणि त्यांच्या चेहऱ्यावर कोणी माल विकणं वेगळं. साइज आधी विचारून घ्या, फीडसाठी मी १०८० बाय १३५० देतो, रील १०८० बाय १९२०.

तुमच्या स्वतःच्या पेजवर पोस्ट टाकणार असाल तर जाहिरात आहे हे सांगावंच लागतं. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्की संस्थेचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम २०२१ मध्ये आले, आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्यानेही गाइडलाइन काढली. पैसे नाही घेतले, फक्त भांडं फुकट मिळालं तरी सांगायचं. इन्स्टावर पेड पार्टनरशिपचं लेबल आहे ते लावा, आणि कॅप्शनच्या सुरुवातीलाच लिहा, वीस हॅशटॅगच्या खाली लपवू नका. ब्रँड म्हणाला "लेबल नको, रीच कमी होते" तर नाही म्हणा. ज्या लोकांनी तुमचे फोटो मनापासून बघितले त्यांच्याशी खोटं बोलून काय मिळणार.

फोटो पाठवताना आधी वॉटरमार्क टाकून लहान साइजमध्ये पाठवा, उरलेले पैसे जमा झाले की फुल साइज ड्राइव्हवर. बिल साधं चालतं, तुमचं नाव, पॅन, कामाचं वर्णन, वापराची मुदत, रक्कम. ब्रँडने टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, कापला तर घाबरू नका, तो तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना धरता येतो. महागडी वस्तू मिळणार असेल तर मात्र बघा, १ जुलै २०२२ पासून एकाच कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांच्या वर वस्तू किंवा फायदे मिळाले तर त्यावर १० टक्के टीडीएसचा नियम आहे. शूट करून वस्तू परत केली तर तो फायदा धरत नाहीत, म्हणून परत केल्याची कुरिअरची पावती जपून ठेवा.

पोस्ट होऊन आठवडा झाला की इनसाइट्सचे स्क्रीनशॉट ब्रँडला स्वतःहून पाठवा, किती सेव्ह झाले, किती शेअर. मी ते पाठवले त्याच दिवशी त्या पहिल्या भांड्यांच्या ब्रँडचा मेसेज आला, "संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणासाठी छोटी भांडी करतोय, शूट कराल का?" आणि या वेळी कोटेशनमध्ये पॅकेजिंगची ओळ होती.