मांडवीत फिरायचं तर संध्याकाळची फेरी पकडा

पणजीला पाहुणे आले की मांडवीतली बोटीची सैर ठरलेलीच असते. माझं ऐकाल तर सूर्यास्ताच्या आधी निघणारीच फेरी घ्या. अंधार पडल्यावर दिसतात ते फक्त कॅसिनोंचे दिवे. नदी दिसतच नाही.

सांता मोनिका जेटीवरून बोट बहुधा समुद्राच्या दिशेने निघते. जाताना डाव्या हाताला पणजी: आदिलशहाचा जुना राजवाडा, मग कांपालची झाडी. उजवीकडे बेती आणि पुढे टेकडीवरचा रेईश मागूशचा किल्ला. मावळतीचं ऊन त्याच्या जांभ्या दगडाच्या तटावर पडतं तेव्हा नजर हलत नाही. म्हणून जाताना उजव्या कठड्याची जागा धरा. त्यासाठी थोडं लवकर चढावं लागतं. स्पीकरपासून मात्र लांब बसा. देखणी, फुगडी असे गोव्याचे नाच झाले की डीजे सुरू होतो आणि शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही.

खरी निवांत सैर हवी असेल तर रायबंदरहून चोडण बेटाची फेरीबोट धरा. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. स्कूटर, मासळीच्या टोपल्या, शाळेची पोरं, सगळे एकत्र पलीकडे जातात. धक्क्याजवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. सकाळी गेलात तर खारफुटीत खंड्या आणि बगळे हमखास दिसतील. आजी-आजोबा सोबत असतील तर ओहोटीला धक्क्याचा उतार चढताना हात द्या, शेवाळाने तो निसरडा होतो.