मॅच संपल्यावरची हुशारी, आणि पैजेच्या चर्चेतल्या आणखी काही चुका

"बघ, मी म्हटलं होतं ना!"

आमच्या ग्रुपवर पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त वेळा टाइप झालेलं वाक्य हेच असेल. कधी म्हटलं होतं, किती भावाला म्हटलं होतं, त्यावर स्वतःचं काही लावलं होतं का, हे कुणी विचारायचं नाही. विचारलं तर समोरच्याचा चेहरा उतरणार.

आम्ही सहा जण, लंडनच्या हॅरो भागात आणि आसपास राहणारे. काका सोडले तर सगळे आयटीतले नाहीतर बँकेतले. ब्रिटनमध्ये अठरा पूर्ण झालेल्या माणसाला परवाना असलेल्या कंपनीकडे ऑनलाइन पैज लावता येते, जिंकलेल्या पैशांवर खेळणाऱ्याला कर नाही, त्यामुळे शनिवारचं फुटबॉल आणि उन्हाळ्यातलं क्रिकेट हा आमचा उघड छंद. (पुण्या-मुंबईत बसून वाचत असाल तर मामला वेगळा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात बंदी आणली. खालचं जरूर वाचा, पण वापर मॅच बघताना करा. आणि तुमचा इथला चुलतभाऊ "तुझ्या नावाने मी लावतो" म्हणाला तर नको म्हणा.)

गप्पा भरपूर व्हायच्या. पण वर्ष संपल्यावर एकदा चॅट वर सरकवत बसलो, तर कुणाला कुणाकडून काही शिकायला मिळाल्याची खूण सापडेना. सगळा वरातीमागून घोडं असा प्रकार. मग वहिनींनी कुणी काय, किती भावाला लावलं हे नोंदवायला एक शीट काढलं आणि भांडणं सुरू झाली. चांगली भांडणं.

घोडा सांगायचा, भाव सांगायचा नाही

काकांची तरुणपणची रविवारची दुपार महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जायची. ते सांगतात, तिथे जो तो एकच प्रश्न विचारायचा, "आज कुठला?" उत्तरात घोड्याचं नाव यायचं. भाव कुणी सांगायचं नाही. "निम्मे पैसे तिथेच गेले," असं ते म्हणतात. उरलेले निम्मे कुठे गेले ते सांगत नाहीत.

"आर्सेनल जिंकणार" हे मत झालं. त्याची पैज व्हायला भाव लागतो. भाव १.४० असेल (म्हणजे एक पौंड लावून जिंकलात तर मूळ पौंडासकट १.४० परत), तर नुसती बरोबरी साधायलाच शंभरात ७१-७२ वेळा आर्सेनल जिंकायला हवं. तोच भाव १.७० असेल तर ५९ वेळा पुरे. तुमच्या मते ते शंभरात ६५ वेळा जिंकणार असेल, तर पहिल्या भावाला ही पैज तोट्याची आणि दुसऱ्या भावाला फायद्याची. संघ तोच, खेळाडू तेच, तुमचा अंदाजही तोच. म्हणून आमच्याकडे आता कुणी नुसतं संघाचं नाव टाकलं की दोन प्रश्न येतात: "किती भावाला?" आणि "तुझ्या मते शंभरात किती?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माणसं फार लाजतात. आकडा लिहिला की चुकता येतं ना.

भाव वाचतानाच आणखी एक गोष्ट बघायची. टी-ट्वेंटीच्या मॅचला एका संघाचा भाव १.८० आणि दुसऱ्याचा २.०० आहे. यातून निघणारी शक्यता (एक भागिले भाव) अनुक्रमे ५५.६ आणि ५० टक्के, बेरीज १०५.६. वरचे साडेपाच कंपनीचे. मापात मारलेलंच म्हणा, फक्त पाटी लावून. ही बेरीज न करता दोन कंपन्यांच्या भावांची तुलना करणाऱ्याशी डावपेचांवर काय बोलणार?

एक फुटकळ पण महागात पडणारी गडबड: भाव लिहायची पद्धत. इथली जुनी पद्धत अपूर्णांकाची. काकांनी एकदा ४/६ लिहिलं, म्हणजे सहा लावले तर चार नफा, दशांशात १.६७. आमच्यातल्या धाकट्याने ते ६/४ वाचलं, म्हणजे २.५०. मग "काका, एवढा भाव मिळतोय आणि तुम्ही गप्प कसे?" म्हणून अर्धा तास वाद, तोही आपापल्या आकड्यापुरतं दोघांचं बरोबर असताना. आता सगळे दशांशातच लिहितात. मात्र एक्स्चेंजवर, म्हणजे जिथे कंपनीऐवजी खेळणारेच एकमेकांशी पैज लावतात तिथे, 'बॅक' (जिंकेल यावर लावणं) आणि 'ले' (जिंकणार नाही यावर लावणं) म्हणजे काय हे याच धाकट्याला आम्ही तिघे मिळून समजावत होतो तेव्हा काकांनी एका ओळीत मिटवलं, "लगाई आणि खाई. त्यात काय एवढं?"

निकालावरून निवाडा

सगळ्यात खोल मुरलेली चूक ही, आणि ती जायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

जुलै १९८१, हेडिंग्ली. इंग्लंडवर फॉलोऑन आलेला, आणि मैदानावरच्या फलकावर इंग्लंडच्या विजयाचा भाव ५००ला १. डेनिस लिली आणि रॉड मार्श या ऑस्ट्रेलियाच्याच खेळाडूंनी गंमत म्हणून इंग्लंडवर पैसे लावले, लिलीने दहा पौंड, मार्शने पाच. इंग्लंडने ती कसोटी १८ धावांनी जिंकली. (आज कुणी खेळाडूने असं केलं तर घरीच बसावं लागेल.) आता सांगा, पैज शहाणपणाची होती का?

आमच्याकडे यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. दादा म्हणाला, जिंकली म्हणजे शहाणपणाचीच. वहिनींचं म्हणणं, जिंकली हा पुरावाच नाही. अशा अवस्थेतला संघ ५०१ वेळांत एकदा तरी जिंकतो का, एवढाच प्रश्न आहे. समोर दोनच संघ, पाऊस-पाण्याचा भरवसा नाही, बोथमसारखा माणूस फलंदाजीला यायचा आहे, म्हणजे हरली असती तरी पैज चांगलीच होती. काका म्हणाले, "फलकावर असा भाव लावणारा माणूस कोण होता, त्याला भेटायला हवं." त्या संध्याकाळी पहिल्यांदा आम्ही मॅचबद्दल न बोलता भावाबद्दल बोललो.

पण रोजच्या मॅचला मोजपट्टी काय? त्याला एक बऱ्यापैकी उपाय आहे. तुम्ही घेतलेला भाव आणि खेळ सुरू होण्याच्या क्षणाचा शेवटचा भाव शेजारी शेजारी लिहा. शेवटच्या भावात तोवरची सगळी माहिती आणि सगळ्यांचा पैसा उतरलेला असतो. त्याहून चढा भाव तुम्ही घेतलेला असेल तर पैज चांगली, उतरता असेल तर वाईट. मागच्या उन्हाळ्यात एका काउंटी टी-ट्वेंटीला मी २.१० घेतला, सुरू होताना भाव १.९५ होता, मॅच हरलो. ग्रुपवर सांत्वनं आली. वहिनींनी शीटमध्ये दोन शब्द लिहिले, "चांगली पैज." पुढच्याच आठवड्यात दादाने २.१० घेतला, सुरू होताना भाव २.४० झाला होता, आणि मॅच जिंकली. त्याने बिर्याणी मागवली. वहिनींनी लिहिलं, "वाईट पैज." दोन दिवस त्या घरात चहाला कुणी कुणाला विचारलं नाही.

ही मोजपट्टी मोठ्या मॅचला विश्वासाची. जिथे थोड्याशा पैशांनी भाव हलतो अशा बारक्या स्पर्धेत शेवटचा भावही कुणा एकाच्या लहरीवर गेलेला असू शकतो.

शंभर पैजांचा माज

"माझे शंभरात ५५ बरोबर आले." छान. भाव १.९१ असेल तर बरोबरीला ५२.४ टक्के लागतात, म्हणजे तू वर आहेस. पण शंभर माणसांना प्रत्येकी शंभर वेळा नाणं उडवायला बसवलं, तर त्यातल्या सुमारे अठरा जणांचे ५५ किंवा जास्त छापे येतील. त्या अठरांनी कोपऱ्यात जाऊन नाणेफेकीच्या डावपेचांवर भाषणं सुरू केली तर? आमच्या गप्पांत नेमकं तेच चालायचं.

पैसे घेऊन टिप देणारे याच फटीतून आत येतात. सोळाशे जणांपैकी निम्म्यांना "अ जिंकेल" आणि निम्म्यांना "ब जिंकेल" असं पाठवायचं, हरलेला निम्मा गट सोडून द्यायचा, उरलेल्यांवर पुन्हा तेच. चार मॅचनंतर शंभर जण उरतात, ज्यांनी तुमचे चारही अंदाज बरोबर आलेले पाहिलेत. ते पाचव्याला पैसे मोजतात. कुणी ग्रुपवर असा "गुरू" आणला तर मागच्या पैजा विचारू नका, पुढच्या दोनशे पैजा भावासकट आधी लिहून द्यायला सांगा. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

बातमी म्हणजे कारण नव्हे

"त्यांचा मुख्य बोलर खेळत नाहीये." ही बातमी तुझ्याआधी भावाला कळलीय. दव पडणार, टॉस जिंकणारा पाठलाग घेणार, खेळपट्टी जुनी आहे, हे सगळं खरं असतं आणि सगळ्यांना माहीत असतं. आमच्यातला आता सगळ्यात बोचरा प्रश्न हा: "हे भावात आलेलं नाही असं तुला कशावरून वाटतं?"

याला कधी कधी उत्तर मिळतं. फुटबॉलमध्ये पेनल्टी म्हणजे साधारण पाऊण गोल धरायचा, कारण चारातल्या तीन-एक आत जातात. एखादा संघ ०-३ हरला, पण त्याने दोन पेनल्टी दवडल्या आणि समोरच्यांचा एक गोल पंचवीस यार्डांवरून आला, तर स्कोअर बघणाऱ्याला तो संघ दिसतो त्याहून बरा आहे. पुढच्या मॅचचा भाव ०-३ बघून फुगला असेल तर बोलण्यासारखं काहीतरी आहे. मोठ्या लीगमध्ये हे हिशेब करणारे पोत्याने आहेत, तिथे हा खजिना उकरून झालेला. खालच्या लीगमध्ये कधीतरी सापडतो.

याच्या उलट टोकाला "फिक्स आहे रे" हे ब्रह्मवाक्य. फिक्सिंग होतं, नाकारायचं कारण नाही. २००० मध्ये हॅन्सी क्रोनिएचं प्रकरण झालं, २०१० च्या लॉर्ड्स कसोटीतल्या नो-बॉलसाठी तीन पाकिस्तानी खेळाडू पुढे इथल्या तुरुंगात गेले. पण आमच्या ग्रुपवर फिक्सिंग फक्त हरलेल्या मॅचमध्येच व्हायचं, जिंकलेल्या मॅचमध्ये अभ्यास असायचा. आता नियम आहे: संशय असेल तर मॅचआधी लिहायचा.

किती लावायचं, यावर कुणी बोलत नाही

कुठल्या संघावर, यावर तासभर. किती, यावर शब्द नाही. त्यातून दुप्पट करत जाण्याचं खूळ दर काही महिन्यांनी कुणाला तरी नव्याने सापडतं. दहा पौंड गेले की वीस, मग चाळीस. सलग सात हरलात तर १२७० पौंड गेलेले असतात आणि आठवी पैज १२८० ची, तीही सुरुवातीचे दहा जिंकण्यासाठी. सलग सात कोण हरतं? निम्मी-निम्मी शक्यता असलेल्या शंभर पैजांत असं एकदा तरी होण्याची शक्यता तीस टक्क्यांच्या वर आहे.

दुसऱ्या बाजूला जरा शिकलेले. बेल लॅब्जच्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेलं सूत्र त्यांना पाठ असतं. भाव २.१०, तुमच्या मते शक्यता ५० टक्के, तर सूत्र सांगतं गाठीच्या रकमेच्या साडेचार टक्के लावा. ठीक. पण खरी शक्यता ४७ असेल तर तेच सूत्र सांगतं, काहीच लावू नका. तीन टक्क्यांचा फरक. आपल्यापैकी कुणाचा अंदाज तीन टक्क्यांच्या आत नेमका असतो? म्हणून केली वापरणारे शहाणे लोक सूत्राच्या पाव हिश्श्यावर थांबतात.

पौंडात बोलणंही आम्ही बंद केलं. कुणी वीस लावतो, कुणी दोनशे. आकडा दिसला की चर्चा पगारावर घसरते. ज्याची त्याची बाजूला काढलेली रक्कम शंभर युनिट धरायची आणि युनिटांतच लिहायचं.

एखादा गप्प झाला तर

इथे आमचंच चुकलं. आमच्यातला एक जण, रोज चार मेसेज टाकणारा, एका सीझनच्या मध्यावर गप्प झाला. आम्ही त्याला टॅग करत राहिलो, "कुठे आहेस, आज कोण?" तीन आठवड्यांनी काकांनी त्याला फोन न करता सरळ घर गाठलं. तो मध्यरात्री कुठल्या कुठल्या देशांतल्या टेनिसवर लावत होता, हरलेले परत मिळवायला. काकांनी विशेष काही सांगितलं नाही म्हणे, दोन कप चहा प्यायले आणि त्याच्यासमोरच गॅमस्टॉपवर नाव नोंदवून घेतलं. त्या एका नोंदणीने ब्रिटनमधल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांची दारं बंद होतात. मुदत सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. त्याने पाच निवडली.

आम्हाला वाटलं आता तो ग्रुप सोडणार. त्याने दोन महिने सोडलाही. मग परत आला तो एका अटीवर: भाव आणि अंदाज लिहीन, पण जिंकल्याच्या पावत्यांचे फोटो इथे नकोत. आम्हाला हे आधीच सुचायला हवं होतं. ते फोटो बंद झाल्यावर हरलेल्या पैजाही हळूहळू ग्रुपवर यायला लागल्या.

शीटमध्ये त्याची रांग अजून आहे. "लावले" या रकान्यात दर आठवड्याला शून्य. त्याच्या आकड्यांशी सगळ्यात जास्त भांडतात ते काकाच.