वॉरबँडमध्ये दांडपट्टा उतरवण्याआधी

ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, उघडायची घाई नको. ‘माउंट अँड ब्लेड: वॉरबँड’ या कॉम्प्युटर गेममध्ये मराठा शस्त्रं घालायची तर पहिलं काम संग्रहालयातलं. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अर्धा दिवस काढा. फोटोची परवानगी आधीच विचारा. नाही मिळाली तर वही-पेन्सिल आहेच. पात्याची लांबी सगळेच टिपतात. परजेचा (मुठीचा) बाक आणि मुठीकडून टोकाकडे पातं कसं पातळ होत जातं, हे टिपायचं राहतं आणि मग तलवार जत्रेतल्या खेळण्यासारखी दिसते. मापं सेंटिमीटरमध्येच लिहा, गेमच्या फाईलमध्येही तीच लागतात.

शस्त्रं चारच घ्या: धोप (सरळ तलवार), पट्टा, विटा (दोरी बांधलेला फेकायचा भाला), तोड्याची (जळत्या वातीने पेटणारी) बंदूक. वाघनखांचा मोह सगळ्यांनाच होतो, पण घोडदळाच्या लढाईत वीतभर पल्ल्याचं हत्यार घेऊन खेळणार कोण? शिवाय २०२४ साली साताऱ्यात आलेली, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची वाघनखं प्रतापगडावरचीच, असं ते संग्रहालयही ठामपणे म्हणत नाही.

सगळ्यात जास्त वेळ पट्ट्यासाठी राखून ठेवा. पट्ट्याच्या खोबणीत आडवी मूठ असते आणि लोखंडी खोळ कोपराच्या दिशेने वर जाते. म्हणजे मनगट जवळपास बांधलेलंच. वार कोपर आणि खांद्यातून येतो. गेम मात्र शस्त्र पात्राच्या सांगाड्यातल्या पंजाच्या हाडाला लटकवतो आणि मूळ हालचालींत मनगट खुशाल वळतं. परिणाम असा की पहिल्याच वाराला खोळ हातातून आरपार बाहेर. यावर खरा उपाय म्हणजे मनगट ताठ ठेवलेली नवी ॲनिमेशन्स. त्यासाठी कोल्हापूरच्या मर्दानी खेळाच्या एखाद्या आखाड्यात वस्तादांना भेटून समोरून आणि बाजूने असं दोन्हीकडून चित्रण करून घ्या. लिंबू कापायची प्रात्यक्षिकं नकोत, साधे वार आणि पवित्रे मागा. एवढं जमणार नसेल तर एक जुगाड आहे: हाताची खोळ हातमोज्याचं चिलखत म्हणून वेगळी बनवा आणि हातात फक्त पातं द्या. तलवार बदलली तरी खोळ हातावर राहील, तेवढं सोसा.

धोपेला फार डोकं लागत नाही: सरळ, लांब पातं, एका हाताची तलवार. वजन मात्र किलो-सव्वा किलोच्या आसपास ठेवा, चार किलोची पहार नको. विट्याची दोरी दाखवणं अवघड. फेकायचं शस्त्र करून संख्या एक ठेवा आणि नेम लागला की तोच विटा हातात परत देणारी छोटी स्क्रिप्ट लिहा.

गेमच्या फाईलमध्ये बंदुकीचा ‘वेग’ म्हणजे पुन्हा भरण्याचा वेग, गोळीचा वेग वेगळ्या आकड्यात असतो. या दोहोंची गल्लत झाली तर तुमचा बरकंदाज (बंदूकधारी शिपाई) मशीनगन चालवेल. धूर ट्रिगरमधून (बंदुकीचा घोडा नव्हे, बार उडाला की आपोआप चालणारी स्क्रिप्ट) सोडावा लागतो, तो विसरू नका.

मेश (मॉडेलची जाळी) हलकी ठेवा, लांबून दिसायच्या साध्या आवृत्त्याही सोबत द्या. नकाशावर दीडशे माणसं उतरली की जुनं इंजिन धापा टाकतं. दुसऱ्याचं मॉडेल वापरणार असाल तर लेखी परवानगी आधी. आणि हे सगळं ‘नेटिव्ह’ या गेमच्या मूळ फोल्डरची प्रत काढून त्या प्रतीत करा, मूळ फोल्डरला हात लावू नका.