कलासंस्थेचं अनुदान नेमकं कुठे अडतं? या चुका टाळा

अनुदानाचा अर्ज परत आला की संस्थेच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'आपला वशिला नव्हता ना!' वशिला कुठे कुठे चालतही असेल. पण परत आलेल्या फाइलीसोबतचं त्रुटीचं पत्र शांतपणे वाचा. तुमचं नाटक वाईट आहे किंवा दशावताराची काय गरज आहे, असं त्यात कोणीही लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असतं ते असं: अध्यक्षांची सही नोंदीशी जुळत नाही, मागील अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला) नाही, खर्चाचा तपशील मोघम आहे. बहुतेक संस्थांचं घोडं पेंड खातं ते इथेच. रंगमंचावरची संस्था एक आणि कागदावरची दुसरीच असते.

सर्वांत महागात पडणारी चूक: फेरफार अर्ज न करणं

आपल्याकडच्या कितीतरी नाट्य आणि लोककला संस्था एकाच वेळी सोसायटी म्हणूनही नोंदलेल्या असतात आणि धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणूनही. कार्यकारिणी दर काही वर्षांनी बदलते, हारतुरे होतात, पेपरात फोटो येतो. धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट 1 वर, म्हणजे न्यासाच्या अधिकृत नोंदीच्या उताऱ्यावर, मात्र जुनीच नावं राहतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 नुसार असा बदल झाल्यापासून 90 दिवसांत तो नोंदवून घेण्यासाठी फेरफार अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही, किंवा दिला पण पुढे कोणी पाठपुरावाच केला नाही, तर सरकारच्या लेखी तुमचे अध्यक्ष अजूनही तेच असतात, ज्यांच्या स्मृतिदिनी तुम्ही एकांकिका स्पर्धा भरवता!

याचे धक्के पुढे सगळीकडे बसतात. बँक सह्या बदलून देत नाही. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणी पोर्टलवरची पदाधिकाऱ्यांची नावं आणि परिशिष्टावरची नावं जुळत नाहीत. अर्जावर सही कोणी करायची, इथपासून वाद सुरू होतो.

तेव्हा जाहिरात निघायची वाट पाहू नका. आजच परिशिष्ट 1 चा ताजा उतारा काढा. नावं जुनी असतील तर निवडीच्या सभेची नोटीस, हजेरी, ठराव आणि नव्या सदस्यांची संमतिपत्रं जोडून फेरफार अर्ज दाखल करा. मुदत उलटली असेल तर सोबत विलंबमाफीचाही अर्ज द्या. मध्ये दोन-तीन कार्यकारिणी नोंदीविनाच होऊन गेल्या असतील, तर ती साखळी क्रमाने जोडावी लागते आणि त्यात महिने जातात. अनुदानाच्या अर्जाची मुदत मात्र अनेकदा थोड्याच दिवसांची असते, हा हिशेब लक्षात असू द्या.

जाता जाता संस्थेचं नावही तपासा. घटनेत 'कलामंडळ', पॅनवर 'कला मंडळ' आणि बँकेत इंग्रजीतलं तिसरंच स्पेलिंग, असा प्रकार असेल तर मंजूर झालेले पैसेही खात्यावर न पडता परत जाऊ शकतात.

चुकीचं दार ठोठावणं

नगरपरिषद किंवा महापालिका, राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय आणि केंद्राचं संस्कृती मंत्रालय ही तीन वेगळी दारं आहेत. एकच प्रस्ताव तिन्हीकडे टाकणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत, आणि तिन्हीकडून तो परत येतो.

स्थानिक संस्थेकडे मागायचं असेल तर वेळ पाळा. त्यांचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत आकाराला येतं. महोत्सव डिसेंबरमध्ये आहे म्हणून ऑक्टोबरात अर्ज दिला, तर 'तरतूद नाही' हे उत्तर खरंच असतं, टाळाटाळ नसते. आदल्या हिवाळ्यातच पत्र द्या, आवक शिक्क्यासह पोच घ्या आणि तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातल्या कोणत्या सदरात) धरली ते विचारून ठेवा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवं अनुदान मंजूर होत नाही, हेही वेळापत्रकात धरा.

राज्याकडे तमाशा, खडीगंमत, दशावतार, शाहिरी अशा पथकांसाठी प्रयोग अनुदान आणि भांडवली अनुदान असे वेगळे प्रकार आहेत. प्रयोगाच्या पैशात ध्वनियंत्रणा घेता येत नाही. साधी गोष्ट आहे, पण अर्ज त्यावरूनच बाद होतात. योजनेचा शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून वाचा; व्हॉट्सॲपवर फिरणारा नमुना बहुधा मागच्या वर्षीचा असतो.

केंद्राच्या कला संस्कृती विकास योजनेत महोत्सव, कार्यशाळा, परिसंवाद आणि नव्या निर्मितीसाठी स्वतंत्र अनुदान आहे. त्याची सर्वसाधारण कमाल मर्यादा ₹5 लाख. तेही प्रकल्पखर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंतच. उरलेले 25 टक्के तुम्ही उभे करायचे. हा स्वतःचा वाटा कागदावर नुसता आकडा म्हणून लिहू नका. देणगीदाराचं पत्र, तिकीटविक्रीचा अंदाज, संस्थेच्या ठेवी, जे असेल ते दाखवा.

'संवर्धन' आणि 'इतर खर्च'

'लोप पावत चाललेल्या लोककलेचं जतन व संवर्धन करून नव्या पिढीपर्यंत पोचवणे' हे वाक्य छाननी समितीने इतक्यांदा वाचलेलं असतं की त्यावर नजर थांबतच नाही. त्याऐवजी असं लिहून बघा: 'पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतील दोन पोथ्यांचं संपूर्ण कथन ध्वनिमुद्रित करणे, आठ तरुणांना तीन महिने कथन व वाद्यसाथ शिकवणे, शेवटी तीन गावांत त्यांचे प्रयोग.' यात काय होणार, किती होणार आणि झालं की नाही हे कसं कळणार, तिन्ही आलं. विशेषणांची गरजच उरली नाही.

अंदाजपत्रकाचंही तेच. 'इतर खर्च ₹80,000' ही ओळ म्हणजे छाननी करणाऱ्याला लाल पेन हातात देणं. ती फोडा: नेपथ्य नेण्यासाठी टेम्पो इतक्या फेऱ्या, इतक्या दराने, प्रकाशयोजनेचं भाडं इतके दिवस, तालमीच्या हॉलचं भाडं, छपाई, लेखापरीक्षकाची फी. दर कुठून घेतला ते दाखवायला कोटेशन जोडा. एक सूचना कलावंतांच्या बाजूनेही: रक्कम बसत नाही म्हणून पहिली कात्री मानधनाला लावायची सवय सोडा. मंडप आणि स्मृतिचिन्हांवर मानधनापेक्षा जास्त खर्च दाखवणारा प्रस्ताव कलेचा वाटतच नाही.

नाटक असेल तर संहितेचं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि लेखकाची लेखी परवानगी आधीच मिळवा.

मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत

मंजुरीचं पत्र आलं की हॉल बुक, पाहुणे पक्के, उधारी सुरू. पैसे मात्र हप्त्यांत येतात. केंद्राच्या वरच्या योजनेत पहिला हप्ता 75 टक्के आणि उरलेले 25 टक्के कार्यक्रमानंतर हिशेब मान्य झाल्यावर. काही योजनांत तर आधी प्रयोग, मग पैसे. मधला काळ कोणाच्या खिशातून निघणार, हे कार्यकारिणीने ठरावात लिहून घ्यावं. नाहीतर सचिवाचं वैयक्तिक बचतखातं हीच संस्थेची बँक होऊन बसते.

हिशेब: पुढच्या वर्षीचं अनुदान इथे ठरतं

उपयोगिता प्रमाणपत्र ही बरीच मंडळी शेवटच्या आठवड्यात आठवलेली औपचारिकता समजतात. केंद्राचं अनुदान असेल तर ते सामान्य वित्तीय नियम, 2017 मधील नमुना 12-अ मध्येच द्यावं लागतं आणि त्यात आरंभीची शिल्लक, मिळालेलं अनुदान, व्याज, झालेला खर्च, उरलेली रक्कम हे सगळं मांडावं लागतं. सनदी लेखापालाच्या सहीखाली यूडीआयएन, म्हणजे त्या प्रमाणपत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हवा. 1 फेब्रुवारी 2019 पासून प्रमाणपत्रांसाठी तो बंधनकारक आहे.

व्हाउचरची शिस्त पहिल्या तालमीपासून लावा. ढोलकीवाल्याला दिलेल्या मानधनाच्या पावतीवर त्याचं नाव, पत्ता, काम, तारीख आणि सही हवी. रक्कम ₹5,000 च्या वर असेल तर एक रुपयाचं महसूल तिकीटही. ₹10,000 च्या वरची रक्कम एका दिवसात एकाच माणसाला रोख देऊ नका, बँकेतून द्या. कलावंतांचे बँक तपशील आणि पॅन आधीच गोळा केलेत तर मानधनावरची करकपातही वेळेवर होते. कार्यक्रम झाल्यावर फड दुसऱ्या जिल्ह्यात गेला की सही मिळवायला माणूस पाठवावा लागतो.

अनुदानासाठी वेगळं बचतखातं ठेवा. त्या खात्यावरचं व्याज तुमचं नाही. केंद्रीय अनुदानावरचं व्याज हिशेब पूर्ण होताच सरकारला परत करायचं असतं आणि ते भारतकोश पोर्टलवरून भरता येतं. रक्कम अगदी तीन आकडी असली तरी भरा आणि चलन फाइलला लावा.

दुसरा हप्ता आलाच नाही तर

आधी पीएफएमएस या सरकारी पैसे वाटपाच्या संकेतस्थळावर आपल्या खाते क्रमांकावरून पैसे निघाले होते का ते पाहा. निघून परत गेले असतील तर दोष खात्याच्या तपशिलात आहे: नाव, आयएफएससी, बंद पडलेलं खातं किंवा बँकांच्या विलीनीकरणानंतर बदललेला कोड. निघालेच नसतील तर मंजुरीपत्राचा क्रमांक, हिशेब सादर केल्याची तारीख आणि पोच जोडून एक पानी पत्र द्या. फोनवर झालेलं बोलणं फाइलीत जात नाही. त्रुटी कळवली गेली असेल तर पूर्तता एकाच वेळी, यादी करून, पानांना क्रमांक घालून द्या. तरीही महिनोन्‌महिने हालचाल नसेल तर माहिती अधिकारात फक्त एवढंच विचारा: आमची फाइल सध्या कोणत्या टेबलावर आहे आणि तिच्यावरील टिपणीची प्रत मिळावी. या अर्जाला 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. त्या उत्तरातून निदान नेमकं कोणाला भेटायचं ते कळतं.